एका घरात दोन खाटा



मागच्या वेळी आपण गटाच्या वहीतल्या नोंदींबद्दल बोललो. आज वही बाजूला ठेवू. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या बैठकांना आम्ही फिरतो, तेव्हा एखादी ताई का आली नाही असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: घरात आजारी माणूस आहे. कुणाचं लेकरू तापलेलं असतं, कुणाच्या सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलेलं असतं, कुणाची सासू न्हाणीत घसरून खुब्यात मोडलेली असते. कधी कधी एकाच घरात दोन्ही असतं, लेकराचं आजारपण आणि म्हाताऱ्याचंही. करणारी मात्र एकटीच.

अशाच एका घरची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही, त्या ताईनंच तसं सांगितलंय. दिवस थंडीचे, कारखाने सुरू झालेले. कर्जाच्या कागदावर तिची सही राहिली होती म्हणून आम्ही संध्याकाळी तिच्या घरी गेलो. सोबत आमच्या गटातल्या आशाताई होत्या. पडवीत खाटेवर सासरे. लकवा होऊन सहा महिने झालेले, अर्धं अंग लुळं, पण आवाज खणखणीत. पाणी दे, पाय दाब, उशी सरळ कर, अशी हाक मिनिटामिनिटाला. ताई धावत होती. आत सासूच्या मांडीवर चौदा महिन्यांचं लेकरू. दोन दिवस सर्दी-खोकला होता. सासूबाई म्हणाल्या, "आज शहाण्यासारखं पडलंय, कालपासून रडलंसुद्धा नाही."

आशाताईंनी लेकराचं झबलं वर केलं, मोबाईलवर एक मिनिट लावलं आणि पोटाकडे बघत श्वास मोजले. 58 भरले. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता. अर्ध्या तासात शेजाऱ्यांच्या जीपमधून लेकरू दवाखान्यात पोचलं. ऑक्सिजन लागला, पाच दिवस राहावं लागलं, आणि बरं होऊन घरी आलं.

दोन महिन्यांनी त्याच घरात सासरे शांत झाले. हाका बंद. रात्री काहीबाही बोलायचे, मुलाला आपल्या गेलेल्या भावाच्या नावानं हाक मारायचे. अंगाला ताप नव्हता. घरचे म्हणाले, वय झालं, आता असंच चालायचं. लघवीची नळी घातलेली होती, तिथून संसर्ग झाला होता, आणि तो रक्तापर्यंत पोचत आला तेव्हा कळलं.

त्या घरात दोन्ही वेळा शांतता झाली, आणि दोन्ही वेळा घरच्यांना बरंच वाटलं. ताईचं काही चुकलं असं आम्ही मुळीच म्हणत नाही. जो ओरडतो त्याच्याकडे माणूस धावणारच. पण लेकराच्या खाटेवर काय बघायचं आणि म्हाताऱ्याच्या खाटेवर काय बघायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्यापैकी कितीजणींना सांगितलंय?

आपण काय धरून चालतो? लेकरू म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस. मोठ्याला एक गोळी तर लेकराला अर्धी. मोठ्याला एक गोधडी तर लेकराला अर्धी. इथंच घोटाळा होतो. लेकराचं शरीर वेगळ्या हिशेबानं चालतं.

श्वासाचंच बघा. मोठा माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. एखाद्या म्हाताऱ्याचा श्वास 40 झाला तर आपण सगळे घाबरून उठू. तान्ह्या बाळाचा मात्र नेहमीचाच श्वास 40 च्या आसपास असतो. त्यामुळे जलद श्वास कशाला म्हणायचं ते वयावर ठरतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त. खोकला असताना एवढे भरले तर न्यूमोनिया धरून चालायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मोजायचं पूर्ण एक मिनिट, लेकरू शांत असताना किंवा झोपेत, रडताना किंवा पिताना नाही. तान्ह्या बाळाचे 60 भरले तर पुन्हा एकदा मोजून बघायचे. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसूच नका, निघा. जुन्या बाया याला 'डबा' म्हणायच्या आणि पोटावर बिब्बा घालायच्या. आजार त्यांनी बरोबर ओळखला होता, उपाय चुकीचा होता. बिब्ब्यानं कातडी भाजते, फुप्फुसाला काही होत नाही.

मोजायला शिकलेलीच बाई लागते असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गावातल्या दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. त्यातल्या कितीतरी जणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग त्यांच्यासाठी मण्यांचं एक साधं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. वाळू संपायच्या आत लाल मण्याला हात लागला की न्यूमोनिया. पुढे त्याच संस्थेनं 39 गावांत बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला लावली, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. हे 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आपल्या आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, ती पद्धत 2011 पासून देशभर सुरू झाली, आणि तिचं मूळ गडचिरोलीतल्या या कामात आहे. तेव्हा आशाताई दारात आल्या की "बाळ झोपलंय, नंतर या" म्हणू नका.

आता पाण्याचं आणि रक्ताचं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात पाव लिटरच्या आसपास. दोन कप चहा होईल एवढंच. जुलाब लागले आणि अंगातून लिटरभर पाणी गेलं, तर साठ किलोच्या माणसाला तहान लागेल, गळून गेल्यासारखं होईल. दहा किलोच्या लेकराच्या अंगातून तेवढंच गेलं तर वजनाचा दहावा हिस्सा गेला, आणि जिवावर बेततं. म्हणून मोठ्या माणसाच्या जुलाबात "उद्या बघू" चालून जातं, लेकराच्या जुलाबात संध्याकाळची सकाळ करायची नाही. डोळे खोल गेलेत का, तान्ह्या बाळाची टाळू बसलीय का, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू परत जातेय का, लघवी किती तासांपूर्वी झाली, हे बघायचं.

ओआरएस दोघांनाही तेच, द्यायची रीत वेगळी. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला प्रत्येक पातळ शीला 50 ते 100 मिलिलिटर, म्हणजे साधारण पाव ते अर्धा पेला, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक पेला. मोठ्या माणसाला पिववेल तेवढं. पुडी मात्र त्यावर लिहिलेल्या पाण्यातच घालायची. मोठी पुडी लिटरची असते, छोटी 200 मिलिलिटरची. लिटरची पुडी तांब्याभर पाण्यात कालवली तर मीठ जास्त होतं, आणि ते लेकराला सोसत नाही. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून गोळ्या थांबवायच्या नाहीत.

दवाखान्यात आपण सिस्टरांशी भांडतो ते बहुधा याच कारणावरून. "सलाईन किती हळू सोडलंय, शेजारच्याची बाटली संपलीसुद्धा!" शेजारचा मोठा माणूस असतो. त्याच्या नळीतून पंधरा-वीस थेंब पडले की एक मिलिलिटर होतो. लेकराची नळी वेगळी असते, तिच्यातून साठ थेंब पडतात तेव्हा एक मिलिलिटर होतो. बाटलीखाली आकडे घातलेलं एक नळकांडंही लावतात, चुकून सगळी बाटली अंगात जाऊ नये म्हणून. लेकराच्या छोट्या शरीरात पाणी भराभर गेलं तर ते फुप्फुसात साचतं, मेंदूला सूज येते. तेव्हा सिस्टरची पाठ वळली की चक्री फिरवून सलाईन जोरात करणारे जे हुशार पाहुणे असतात, त्यांना आवरा. लेकराचं रोज वजन करतात, भरलेला डायपरसुद्धा कधी कधी तोलतात, तेही याचसाठी. किती पाणी आत गेलं आणि किती बाहेर आलं, याचा हिशेब थेंबाथेंबानं ठेवावा लागतो. आपल्या गटाच्या वहीसारखंच म्हणा ना.

आता औषध. इथं जरा थांबून ऐका, कारण ही चूक आमच्या गटांतल्या घरांतही झालेली आहे. तापाचं पॅरासिटामॉल मोठ्याला 500 किंवा 650 मिलिग्रॅमच्या गोळीत मिळतं. लेकराला ते वजनावर द्यायचं असतं, किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलोच्या लेकराला एका वेळी 100 ते 150. मेडिकलमध्ये लेकरांसाठी ते दोन तऱ्हेच्या बाटल्यांत मिळतं. सिरपच्या एका बाटलीत पाच मिलिलिटरला 125 असतं, दुसरीत पाच मिलिलिटरला 250. आणि ड्रॉपच्या चिमुकल्या बाटलीत एका मिलिलिटरलाच 100. आपल्याला वाटतं, ड्रॉप म्हणजे बारक्या बाळाचं, म्हणजे सौम्य. उलट ते साध्या सिरपच्या चौपट कडक असतं. सिरप संपलं म्हणून ड्रॉपचं पाच मिलिलिटर, म्हणजे औषधाचा एक चमचा, पाजला तर लेकराच्या पोटात 500 मिलिग्रॅम, मोठ्या माणसाची अख्खी गोळी गेली. हे दोनदा-तीनदा झालं की लिव्हरवर येतं. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचायचा, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्यायचा, आणि औषध त्याच बाटलीच्या टोपणानं किंवा ड्रॉपरनं मोजायचं. आपल्या घरचे चमचे सगळे सारखे नसतात. आणि लेकराचं वजन तोंडपाठ हवं. अंगणवाडीच्या कार्डावर असतं ते. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं.

खोकल्याचं औषध स्वतःच्या मनानं आणून लेकराला देऊच नका. 2025 साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात विषारी द्रव्य मिसळलेलं खोकल्याचं औषध पिऊन लेकरांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि कितीतरी लेकरं दगावली. त्यातली अनेक उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं सांगितलं की दोन वर्षांच्या आत सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत, आणि पाच वर्षांपर्यंतही ती सहसा लागत नाहीत. मोठ्याची ॲस्पिरिन किंवा दुखण्याची गोळीही मोडून द्यायची नाही.

म्हाताऱ्या माणसाचा औषधाचा घोटाळा निराळाच असतो. तिथं एक औषध जास्त होत नाही, दहा औषधं एकावर एक चढतात. बीपीची, साखरेची, गुडघ्याची, झोपेची, आणि वर बाजारच्या दिवशी कुणी सांगितलेली. वयानं मूत्रपिंडं मंदावलेली असतात, औषध अंगात साचत जातं. गुडघेदुखीच्या गोळ्या रोज खाऊन मूत्रपिंड बिघडतं, झोपेच्या गोळीनं रात्री तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. डॉक्टरकडे जाताना सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्याव्यात, कागदपत्रांपेक्षा त्या पिशवीचा उपयोग जास्त होतो.

तापाचा अर्थही वयागणिक बदलतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराला चढत्या तापात झटका येऊ शकतो. बघणाऱ्याचा जीव जातो, पण तो झटका बहुधा काही मिनिटांत थांबतो. लेकराला कुशीवर वळवायचं, गळ्याभोवतीचे कपडे सैल करायचे, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, पाणी पाजायचं नाही. पाच मिनिटांत थांबला नाही तर 108. थांबला तरी पहिल्या झटक्यानंतर डॉक्टरांना दाखवायचंच. मोठ्या माणसाला पहिल्यांदाच झटका आला तर मात्र तो तापाचा म्हणून सोडायचा नसतो, डोक्यात काही झालंय का ते बघावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं तर उलटंच: ताप आला तरी धोका आणि अंग गार पडलं तरी धोका. कोप्यांवरच्या ऊसतोड बायांच्या बाळांचं हे आम्ही दर हंगामात बघतो. नदीकाठची थंडी, पाचटाचं छप्पर, उघडं डोकं. बाळाच्या अंगाच्या मानानं डोकं मोठं असतं, आणि तिथूनच बरीच ऊब जाते. टोपडं घालायचं, बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावून वरून पांघरूण घ्यायचं. तरी पाय गार राहिले, बाळ अंगावर प्यायचं थांबलं, तर निघायचं. आणि सत्तरीच्या पुढच्या माणसाला मोठा संसर्ग होऊनही कधी कधी ताप येत नाही, हे त्या सासऱ्यांच्या बाबतीत बघितलंच. तिथं अंगाला हात लावून समजत नाही, बोलण्यावरून समजतं. काल बरोबर बोलणारा माणूस आज भलतंच बोलतोय, सारखा झोपतोय, जेवण सोडलंय, तर ते म्हातारपण नाही. म्हातारपण एका रात्रीत येत नाही.

खाटेला खिळलेल्या मोठ्या माणसाचं आणखी एक असतं, जे लेकराच्या बाबतीत क्वचितच करावं लागतं. लेकरू स्वतःच लोळतं. लकव्याच्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा, खुबे रोज बघायचे. लाली आली आणि दाबून सोडल्यावर गेली नाही तर जखमेची सुरुवात झाली समजा, तिथं चोळायचं नाही, तिथला भार काढायचा. भरवताना बसतं करायचं. घोटभर पाण्यानं ठसका लागत असेल तर आडवं ठेवून काही पाजायचं नाही, ते फुप्फुसात जातं. लेकरालाही नाक दाबून औषध ओतायचं नाही, कारण तेच.

आता एक बोलायला अवघड गोष्ट. लेकराचे कपडे बदलताना कुणाला लाज वाटत नाही. सासऱ्यांचं अंग पुसायला सुनेला सांगतात तेव्हा ती डोक्यावरचा पदर सांभाळत पुसते आणि ते भिंतीकडे तोंड करतात. कितीतरी म्हातारे केवळ या लाजेपोटी पाणी कमी पितात, लघवी दाबून धरतात, आणि मग संसर्ग होतो. हे काम घरातल्या मुलानं, नातवानं करायचं. आम्ही बैठकीत हे पहिल्यांदा बोललो तेव्हा सगळ्या हसल्या. त्या ताईच्या घरी मात्र आता सकाळचं पुसणं तिचा नवरा करतो. मोठ्या माणसाला विचारून हात लावायचा, काय करतोय ते सांगायचं, नको म्हणाला तर थोडं थांबायचं. आणि बाईमाणूस आजारी असेल तर तिला एकटीला गाठून विचारायचं. मुलासमोर, नवऱ्यासमोर ती "काही नाही, बरंय" एवढंच म्हणणार.

लेकराला विचारून काही कळत नाही. त्याचं खेळणं बघायचं. तापात असून खेळतंय, तर थोडा धीर धरता येतो. ताप उतरला तरी खेळत नाही, पीत नाही, नजर लावत नाही, तर थांबायचं नाही. लेकराचं शरीर बराच वेळ कसंबसं तोलून धरतं आणि मग एकदम कोसळतं. मोठ्या माणसाची उतरण बहुधा टप्प्याटप्प्यानं दिसते, तेवढा वेळ लेकरू देत नाही. आणखी एक: "रडलास तर सिस्टर सुई टोचेल" ही धमकी बंद करा. मग खरोखर सुई द्यायची वेळ येते तेव्हा तीन माणसांना धरावं लागतं. "थोडं दुखेल, मी हात धरते" म्हणा आणि धरा. लेकरांच्या वॉर्डात आईला सोबत राहू देतात ते मेहरबानी म्हणून नाही, आई जवळ असली की लेकरू कमी घाबरतं आणि दूधही पितं.

108 ची गाडी सगळ्यांसाठी आहे. 102 ची गरोदर बायांसाठी आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळासाठी आहे, आणि सरकारी रुग्णालयात त्या बाळाच्या उपचाराचे पैसे लागत नाहीत. दोन्ही नंबर चुलीजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, मोबाईल कायम नवऱ्याच्या खिशात असतो.

येत्या बैठकीला उपकेंद्रातल्या सिस्टर येणार आहेत. प्रत्येकीनं घरात असतील तेवढ्या औषधाच्या बाटल्या, म्हाताऱ्यांच्या गोळ्यांची पिशवी आणि लेकराचं अंगणवाडीचं कार्ड घेऊन यायचं. सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ असेल तर तेही आणा. एकमेकींच्या लेकरांचे श्वास मोजून बघू.